बापांसाठीचे ख्रिस्ती मार्गदर्शन सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणताना

आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचे क्लास डोळ्यांपुढे येतात, म्हणून अर्थ आधी स्पष्ट करतो. या लेखात कोचिंग किंवा मार्गदर्शन म्हणजे एखाद्या बापाने आपल्या घरातला नेमका प्रश्न घेऊन जाणत्या माणसासमोर नियमित बसणे, त्याच्या प्रश्नांच्या आधाराने स्वतःच्या वागण्याकडे पाहणे, पुढच्या आठवड्यात एक ठरावीक गोष्ट करण्याचे कबूल करणे आणि पुढच्या भेटीत तिचा प्रामाणिक हिशेब देणे. हे सर्व बायबलचे वचन आणि प्रार्थना यांच्या सोबतीने होते, म्हणून ते ख्रिस्ती मार्गदर्शन. ते प्रवचन नव्हे आणि मानसोपचारही नव्हे. हा फरक पुढे खर्चाच्या हिशेबातही कामाला येणार आहे.

आपल्या बहुतेक मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, स्त्रियांसाठी महिला संघ असतो, मुलांसाठी संडे स्कूल असते, तरुणांसाठी तरुण संघ असतो. पुरुषांच्या वाट्याला मात्र कमिटी येते, आणि तिथे चर्चा होते ती चर्चच्या इमारतीवरील पत्र्यांची, दफनभूमीच्या भिंतीची आणि वार्षिक हिशेबाची. मुलगा आपल्याशी बोलत नाही हे दुःख घेऊन चाळिशीतला बाप त्या बैठकीला बसतो आणि तसाच उठून घरी जातो. शहरात असे मार्गदर्शन देणारे लोक आहेत, पण त्यांच्यापैकी अनेकांचे काम इंग्रजीतून चालते आणि त्यांची एका तासाची फी कंत्राटी कामगाराला परवडणारी नसते. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत बापांचे छोटे गट चालवण्याला मी गेली काही वर्षे हातभार लावत आलो आहे. हे काम स्वस्त करायचे तर मार्गदर्शकाशी फीची घासाघीस करून उपयोग नाही. त्याची गरज नेमकी कुठे आहे आणि कुठे नाही, हे आधी वेगळे काढावे लागते, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

खर्च कुठे होतो, ते आधी कागदावर मांडा

बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. तेच येथे शब्दशः करावे. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात दिसणारा खर्च लिहावा, म्हणजे मार्गदर्शकाचे मानधन, छापील पुस्तिका, चहा आणि प्रवासभाडे. दुसऱ्यात न दिसणारा खर्च लिहावा, म्हणजे बुडणारा ओव्हरटाइम, पडणारा खाडा, गावातून तालुक्याला येण्याचे एसटीचे तिकीट आणि घरात लहान मूल असेल तर त्या संध्याकाळी पत्नीवर एकटीवर पडणारा भार.

हा दुसरा रकाना आम्ही सुरुवातीला आखलाच नव्हता. एका गटात औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक बाप तिसऱ्या बैठकीनंतर यायचा थांबला. त्याला वर्गणी जड जात असावी अशी समजूत करून घेऊन आम्ही ती निम्मी केली, आणि तरीही तो आला नाही. शेवटी एक दिवस त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की बैठक शनिवारी संध्याकाळी असते आणि कंपनीत ओव्हरटाइम मिळतो तोही शनिवारीच. आमची वर्गणी आठवड्याला शंभर रुपये होती आणि त्याचा बुडणारा ओव्हरटाइम सहाशेचा होता. आम्ही बैठक रविवारी उपासनेनंतर घेऊ लागलो आणि तो परत आला. तेव्हापासून गट सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बापाला मी दोनच प्रश्न विचारतो: आठवड्यातला कोणता वेळ तुमची कमाई न बुडवता देता येईल, आणि तिथवर पोहोचायला किती रुपये लागतील? वर्गणीचा विषय त्यानंतर काढतो.

इथ्रोचा सल्ला: दहादहांचे गट

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम, लहान बाबी त्यांनी पाहाव्यात आणि मोठी बाब तेवढी तुझ्याकडे आणावी. मार्गदर्शनाचा खर्च कमी करण्याची याहून नेमकी रचना मला दुसरीकडे सापडलेली नाही. एका सासऱ्याने जावयाला वडीलकीच्या नात्याने दिलेला हा सल्ला आहे, हेही आपल्या विषयाला साजेसे आहे.

प्रत्यक्षात आठ ते दहा बापांचा एक गट करावा. दहापेक्षा मोठा गट करू नये, कारण मग बोलके चार जण बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. गटातलेच दोघे गटप्रमुख नेमावेत. ते विद्वान असण्याची गरज नाही. ऐकून घेणारे आणि ऐकलेले पोटात ठेवणारे असले म्हणजे पुरे. कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, लघु ख्रिस्ती समूहांची रचना तयारच असते, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट किंवा स्वतंत्र मंडळ्यांमध्ये वस्तीनुसार होणाऱ्या घरगुती प्रार्थनासभांना जोडून गट करता येतो.

त्यानंतर कामाची वाटणी करावी. दर आठवड्याचे ऐकणे, आठवण देणे, एकमेकांसाठी प्रार्थना करणे आणि ठरवलेल्या गोष्टीचा हिशेब विचारणे हे गटाचे काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गटाला पद्धत शिकवणे, प्रत्येक बापाशी ठरावीक वेळा स्वतंत्र बोलणे आणि गटप्रमुख अडले की त्यांना वाट दाखवणे हे प्रशिक्षित मार्गदर्शकाचे काम आहे, आणि पैसा फक्त इथेच खर्च करावा. वचन उलगडून सांगणे, आशीर्वाद देणे, पापांगीकार ऐकणे हे पाळकांचे (पास्टरांचे) किंवा फादरांचे काम आहे. पाळकांनाच मार्गदर्शक करावे म्हणजे फुकटात होईल, असे अनेक कमिट्यांना वाटते. मी तसे करू नये असे म्हणेन. एक तर त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. शिवाय मुलाच्या लग्नाची कागदपत्रे आणि कमिटीची निवडणूक ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्यासमोर आपण घरात हात उचलतो हे सांगायला माणूस कचरतो.

पैशाविना चालणाऱ्या अशा गटांचे एक जुने उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये सभासदत्वाची फी नाही, बाहेरची देणगी घेतली जात नाही, आणि सभासद स्वेच्छेने जे देतील त्यावर गट चालतो. महाराष्ट्रातही त्यांच्या सभा मराठीतून होतात. तिथे माणसाला सावरणारा माणूस त्याच दुखण्यातून गेलेला असतो. बापांच्या गटातही हीच ताकद आहे. फक्त तिला थोड्या प्रशिक्षणाची जोड द्यावी लागते.

मार्गदर्शक शोधताना

शोध जवळून सुरू करावा. निवृत्त शिक्षक, शाळेतले समुपदेशक, समाजकार्याचे शिक्षण घेतलेले आसपासच्या मंडळ्यांतले लोक यांची आधी यादी करावी. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ या ईशज्ञानाच्या दोन मोठ्या संस्था आहेत. अशा संस्थांतल्या, कुटुंबांमध्ये काम करण्याची ओढ असलेल्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना विचारायला हरकत नाही, मात्र त्यांना मराठी सहज बोलता येते का, हे आधी पाहावे. आपला बाप आपल्या घरातले भांडण परक्या भाषेत मांडू शकत नाही.

दुसरा एक मार्ग फारसा कोणाला सुचत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली स्थापन झालेली संस्था प्रशिक्षित कोचना प्रमाणपत्रे देते. तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी ठरावीक प्रशिक्षणाशिवाय किमान १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि त्यातले किमान ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. याचा अर्थ असा की शिकाऊ कोचला माणसेही हवी असतात आणि लहानसा का होईना, मोबदलाही हवा असतो. विश्वासात स्थिर असलेला असा शिकाऊ कोच मिळाला, तर दोघांचीही गरज भागते. त्याने आपण शिकाऊ असल्याचे गटाला पहिल्याच दिवशी सांगावे आणि त्याच्यावर एखाद्या अनुभवी माणसाची देखरेख असावी, या दोन अटी मात्र सोडू नयेत.

मार्गदर्शक शक्यतो दुसऱ्या मंडळीतला असावा. आपल्या घरची गोष्ट पुढच्या रविवारी बाकावर शेजारी बसलेली आहे, ही भीती त्यामुळे जाते. त्याने पूर्वी ज्या कुटुंबांसोबत काम केले असेल, त्यांच्या मंडळीच्या जबाबदार व्यक्तींकडे चौकशी करावी. तो किती भेटी देणार, किती मानधन घेणार आणि ऐकलेले कुठे बोलणार नाही, हे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी.

त्याला पैसे द्यावेत, आणि वेळेवर द्यावेत. आमचा सगळ्यात पहिला गट एका भल्या माणसाने विनामूल्य घेतला होता. सहाव्या आठवड्यानंतर त्याला पैसे देणारे काम मिळाले, तो एक रविवार आला नाही, मग दुसराही चुकला. आम्हाला त्याला काही म्हणता येईना, कारण ज्याला काही दिलेले नाही त्याच्याकडे मागणार तरी काय? ज्याला वचनाचे शिक्षण मिळते त्याने शिक्षण देणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावे, असे प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो. स्वतः पौल करिंथ शहरात राहुट्या शिवून पोट भरत होता हे खरे, पण तो त्याने स्वतःवर घेतलेला भार होता. मंडळीने तो दुसऱ्यावर लादू नये.

बारा आठवड्यांचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावातले दर विचारून ते बदलावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

समजा, एखादा बाप दर आठवड्याला एक तास याप्रमाणे बारा आठवडे मार्गदर्शकाकडे एकटा गेला आणि तासाची फी १,५०० रुपये असली, तर त्याचे १८,००० रुपये होतात. आता दहा बापांचा गट घ्या. मार्गदर्शक पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात गटाला भेटतो. प्रत्येक भेटीचे १,५०० प्रमाणे ४,५०० रुपये. प्रत्येक बापाशी तो अर्ध्या तासाप्रमाणे दोनदा फोनवर बोलतो. एका बोलण्याचे ३०० प्रमाणे वीस बोलण्यांचे ६,००० रुपये. गटप्रमुखांशी तीनदा सविस्तर बोलण्याचे ५०० प्रमाणे १,५०० रुपये. म्हणजे मार्गदर्शकाचे मानधन १२,००० रुपये झाले. याखेरीज पुस्तिकांचे ६००, बारा बैठकांच्या चहाचे १,८००, मार्गदर्शकाच्या तीन फेऱ्यांच्या प्रवासाचे ९०० आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले ७००, असे आणखी ४,०००. एकूण १६,००० रुपये. एका बापाला एकट्याने जे १८,००० लागले असते, त्याहून कमी पैशांत दहा बापांचे काम होते.

चहा, पुस्तिका, प्रवास आणि राखीव रक्कम हे ४,००० रुपये कमिटीने उचलावेत, असा माझा आग्रह असतो. मंडळी बाजाच्या पेटीची डागडुजी आणि स्पीकरची दुरुस्ती करते, तर दहा घरांसाठी एवढी रक्कम मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. उरलेल्या १२,००० रुपयांची दहा जणांत विभागणी केली तर माणशी १,२०० होतात, म्हणजे आठवड्याला शंभर.

वर्गणी अशी घ्यावी की कोणाची मान खाली जाऊ नये

शंभर रुपयेही सर्वांना सारखे नसतात. एका बापाला ते पेट्रोलमध्ये जाणवतही नाहीत आणि दुसऱ्याच्या घरात तेवढ्यात दोन दिवसांची भाजी येते. म्हणून तीन पायऱ्या ठेवाव्यात: पूर्ण १,२००, निम्मे ६०० आणि ‘जमेल तेवढे’. कोण कोणत्या पायरीवर आहे, हे केवळ खजिनदाराला माहीत असावे आणि त्याने ते पाळकांनाही सांगू नये. उत्पन्नाचा दाखला मागू नये. तो मागण्याचा प्रयोग मी एका ठिकाणी पाहिला आहे. ज्याला खरी गरज होती, तो दाखला आणायला गेला तो परत आलाच नाही.

पूर्ण फुकट मात्र कोणालाही ठेवू नये. दहा रुपये असले तरी चालतील, पण स्वतःच्या खिशातून काहीतरी जावे. ते देणाऱ्याला गटात बरोबरीने बसण्याचा हक्क देते. आम्ही सर्वांना एकसारखी तपकिरी पाकिटे देतो आणि ती बंद करूनच पेटीत टाकायला सांगतो. गवंडीकाम करणाऱ्या एका बापाचे पाकीट दर वेळी जड लागायचे, कारण त्यात सुटी नाणी असायची. त्याने नंतर स्वतःहून सांगितले की घरात त्याने एक डबा ठेवला आहे. तंबाखूची पुडी टाळली की त्या दिवसाचे पैसे त्याची सात वर्षांची मुलगी त्या डब्यात टाकते, आणि संध्याकाळी तो दारात दिसला की पहिला प्रश्न विचारते, ‘‘पप्पा, आजचे कुठंयत?’’ वर्गणी गोळा करण्याची याहून चांगली रीत आम्हाला सुचली नसती, म्हणून आता प्रत्येक गटाला पहिल्या दिवशी आम्ही घरात असा डबा ठेवायला सांगतो. मिझोराममधल्या ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला ठेवत आल्या आहेत आणि त्या मुठीवर तिथल्या मंडळीची मोठी कामे उभी आहेत. डब्यातले नाणे ही त्याच जातीची गोष्ट आहे.

दहांपैकी पाच जणांनी पूर्ण, तिघांनी निम्मे आणि दोघांनी प्रत्येकी शंभर रुपये दिले, तर ६,०००, १,८०० आणि २०० मिळून ८,००० रुपये जमतात. चार हजारांची तूट उरते. ती भरून काढण्याची सोपी वाट म्हणजे ‘एका बापाचा खर्च’ या नावाने मंडळीतल्या सुस्थितीतल्या दोन कुटुंबांकडून १,२०० रुपये प्रत्येकी घेणे. त्यातून २,४०० येतात. राहिलेले १,६०० कापणीच्या सणाला उभे करता येतात. आपल्या मंडळ्यांत त्या दिवशी भोपळे, कोंबड्या, उसाच्या मोळ्या, घरचे लोणचे यांचा लिलाव होतोच. त्यातल्या चार-पाच वस्तू आधीच बापांच्या गटासाठी जाहीर कराव्यात. वस्तू कशासाठी आहे हे कळले की बोलीही वर जाते.

बाहेरून पैसे घेताना

वसईतून, पुण्यातून परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना गावच्या मंडळीसाठी काही करावेसे वाटते. त्यांच्या मदतीचा स्वीकार कायदा पाहूनच करावा. परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी व्यक्तीकडून किंवा परदेशी संस्थेकडून देणगी घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे दिलेली रक्कम परकीय अंशदान धरली जात नाही. त्याच नातेवाइकाने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ती परकीय ठरते, मग हातात परदेशस्थ भारतीय नागरिकाचे (ओसीआय) कार्ड असले तरी. म्हणून देणगी घेण्यापूर्वी पासपोर्टची प्रत मागावी आणि त्यात संकोच मानू नये.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नयेत. ते मंडळीच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या खात्यात यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती फाडावी. देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असे परस्पर कोणाला सांगू नये. धार्मिक संस्थांना ती सरसकट नसते, आणि ज्या रकमेच्या बदल्यात आपण सेवा घेतो ती रक्कम देणगी ठरत नाही. विश्वस्तांच्या हिशेबतपासनिसाला एकदा विचारले की हा प्रश्न मिटतो.

जागा, वेळ आणि फोन

जागेसाठी पैसे मोजण्याची वेळ यायला नको. संडे स्कूलची खोली, एखाद्याच्या घराची गच्ची, मिशन शाळेचा वर्ग यांपैकी काहीतरी मिळतेच. उपासनेनंतर लगेच बैठक ठेवली तर येण्याजाण्याचा वेगळा खर्च पडत नाही आणि त्या वेळेत मुलांना संडे स्कूलचे शिक्षक सांभाळू शकतात.

दूर असलेल्या बापांसाठी फोन आहे. व्हॉट्सॲपच्या समूह कॉलमध्ये ३२ जण बसतात, त्यामुळे दहांच्या गटाला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी तुटते, आणि ती नेमकी कोणीतरी मन मोकळे करत असताना तुटते, म्हणून मी ती टाळतो. आखातातल्या बापांचा गट करताना सुटीचा दिवस पाहावा: दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी असते, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे आणि कुवेतचे अडीच तास. आपल्याकडच्या रात्री साडेनऊची वेळ दोन्हीकडच्या बापांना जमते.

पुस्तिकेसाठी महागडे परदेशी साहित्य विकत घेऊन भाषांतर करण्याची गरज नाही. मराठी पवित्र शास्त्र मोबाईलवर मोफत वाचता येते. बारा आठवड्यांसाठी बारा उतारे आणि प्रत्येकाखाली तीन प्रश्न असलेली सोळा पानांची पुस्तिका गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार होते.

दीड तासाची बैठक प्रत्यक्षात कशी चालवावी

स्वस्त मार्गदर्शन कच्चे निघू नये, यासाठी बैठकीची शिस्त फार जपावी लागते. पहिली पंधरा मिनिटे चहा आणि प्रार्थना. त्यानंतरच्या अर्ध्या तासात प्रत्येक जण दोन-तीन मिनिटांत सांगतो की गेल्या आठवड्यात ठरवलेली गोष्ट झाली की नाही. झाली नसेल तर ‘नाही झाली’ एवढे म्हटले तरी पुरते. कारणे देण्याची सक्ती नाही. मग दहा-पंधरा मिनिटे उतारा. पुढचा अर्धा तास एका बापाचा प्रश्न, आणि शेवटी प्रत्येकाने पुढच्या आठवड्यासाठी एक गोष्ट लिहून ती शेजाऱ्याला वाचून दाखवणे.

गटप्रमुखाने एकच नियम कटाक्षाने पाळावा: सल्ला देण्याआधी किमान तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. एका बैठकीत राजा दावीद आणि त्याचा मुलगा अबशालोम यांचा उतारा होता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, अबशालोम यरुशलेमेत पूर्ण दोन वर्षे राहतो आणि त्याला राजाचे तोंड दिसत नाही. बाप आणि मुलगा एकाच शहरात, आणि भेट नाही. उतारा वाचून झाल्यावर एक रिक्षाचालक बाप म्हणाला, ‘‘माझा मुलगा नववीत आहे, मोबाईलमधून डोकं वर काढत नाही, माझं ऐकत नाही.’’ लगेच दोघे-तिघे मोबाईल काढून घेण्याचे उपाय सांगू लागले. गटप्रमुखाने त्यांना हाताने थांबवून विचारले, ‘‘दादा, या आठवड्यात तो स्वतःहून तुमच्याशी काय बोलला?’’ तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘सायकलची चेन तुटली म्हणाला होता.’’ ‘‘मग तुम्ही काय म्हणालात?’’ ‘‘बघू म्हटलं.’’ ‘‘बघितलीत का?’’ त्या बापाने वहीत लिहिले, मंगळवारी संध्याकाळी दोघांनी मिळून चेन बसवायची. पुढच्या रविवारी त्याने सांगितले की चेन बसवायला वीस मिनिटे लागली आणि मुलगा नंतर तासभर तिथेच बसून बोलत होता.

या संभाषणाला कोणी तज्ज्ञ लागला नाही. गटप्रमुख एका कारखान्यात फिटर आहे. प्रश्न आधी विचारायचे, हे त्याला मार्गदर्शकाने शिकवले होते. मानधनाचा पैसा जातो तो या शिकवण्यासाठी.

गटाने काय हाती घेऊ नये

खर्च वाचवण्याच्या भरात गटावर नको ते ओझे टाकले जाते, आणि तिथे खरे नुकसान होते. सततची निराशा, जीव देण्याचे बोलणे, व्यसनाचा विळखा हे प्रश्न उपचाराचे आहेत. ते मार्गदर्शकानेही स्वतःकडे ठेवू नयेत. त्यासाठी सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि ती मराठीतूनही मिळते. पत्नीला किंवा मुलांना मारहाण होत असेल, तर गटातल्या प्रार्थनेवर आणि समजुतीवर विसंबून राहू नये. घरातल्यांची सुरक्षितता आधी पाहावी. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापावेत.

गोपनीयतेलाही मर्यादा आहे आणि ती पहिल्याच दिवशी सांगावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून ते झाकणे हा गुन्हा आहे आणि त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेला अन्यायही आहे.

बारा आठवडे संपल्यावर

बाराव्या बैठकीत खजिनदाराने संपूर्ण हिशेब गटासमोर वाचावा: एकूण किती जमले, कशावर किती गेले, किती उरले. कोणी किती दिले हे त्यात नसावे. मग प्रत्येक बापाने घरून आणलेली एक चिठ्ठी पाळकांकडे द्यावी. ही चिठ्ठी पत्नीने किंवा मुलांनी लिहिलेली असते आणि तिच्यात एकाच प्रश्नाचे उत्तर असते: या तीन महिन्यांत घरात काय बदलले? तिच्यावर नाव लिहायचे नाही. पुढच्या वर्षी कमिटीकडे चार हजार रुपये मागायला जाताना या चिठ्ठ्या उपयोगी पडतात, कारण ‘कार्यक्रम छान झाला’ यावर कमिटी पैसे देत नाही.

दुसरा गट पहिल्याहून स्वस्त पडतो. पहिल्या गटातले दोन बाप त्याचे गटप्रमुख होतात, त्यांना पद्धत ठाऊक असल्याने मार्गदर्शकाच्या तीन गटभेटींऐवजी दोन पुरतात आणि पुस्तिका तीच राहते. शेजारच्या दोन मंडळ्या सोबत आल्या, तर मार्गदर्शक एकाच फेरीत तिन्ही गटांना भेटू शकतो आणि प्रवासखर्च तिघांत वाटला जातो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी यात एकत्र यायला मला कसलीच अडचण दिसलेली नाही. मुलाच्या सायकलची चेन दोन्हीकडे सारखीच तुटते. नव्या गटाची सुरुवात १९ मार्चच्या संत योसेफाच्या सणाला किंवा जूनच्या तिसऱ्या रविवारी, पितृदिनाला जाहीर करावी, म्हणजे विषय काढायला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. शेती करणाऱ्या बापांचा गट असेल, तर जून सोडून द्यावा, कारण पेरणीच्या दिवसांत कोणी येणार नाही. त्यांच्यासाठी मार्चमध्येही आधी गावातल्या चार जणांना विचारून, गव्हाची काढणी उरकली आहे ना, याची खात्री करून मगच तारीख ठरवावी.